पाय, दोर, तार

वर चढायच्या आधी छत्रीबाई मनगटावरचं घड्याळ आणि बोटातली अंगठी काढते आणि नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात टाकते. खिशाचं बटणही तीच लावते. आमच्या भागात ज्यांच्या ज्यांच्या गच्चीवर डिश अँटेना आहे, त्या सगळ्यांनी हे पाहिलेलं आहे. त्या दिवशी मात्र तिने घड्याळ-अंगठी काढली, नवऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि दोन्ही वस्तू माझ्या तळहातावर ठेवल्या.

"वहिनी, एवढं सांभाळा," ती म्हणाली.

नवरा तिथेच, हाताच्या अंतरावर, आमच्या टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसलेला. रिमोट मांडीवर, काठी खुर्चीला टेकवलेली. ते खिडकीबाहेर बघायला लागले, जणू आमच्या खिडकीतून काही बघण्यासारखं दिसतं.

कोचावरून माझ्या सासूबाईंनी विचारलं, "भांडलात वाटतं?"

"नाही हो आजी!" दोघं एकदम म्हणाली. त्या दिवशीचं त्यांचं तेवढंच एकमत.

तिला छत्रीबाई हे नाव कोणी ठेवलं कोणास ठाऊक. डिशला आमच्याकडे सगळे छत्रीच म्हणतात, ती बसवणारे ते छत्रीवाले, आणि त्यांची बायको ती छत्रीबाई. माझ्यापेक्षा ती लहान, म्हणून मी अगं-तुगं करते. चण बारीक, चेहरा उन्हाने रापलेला, पायात जाड रबरी तळाचे बूट, केस घट्ट बांधून वर रुमाल. कमरेच्या पट्ट्याला पाने आणि पक्कड दोरीने बांधलेले असतात, म्हणजे हातून सुटलं तरी खालच्या माणसाच्या डोक्यात पडणार नाही. बोलायला लागली की थांबत नाही. कामात असली की मोजकं बोलते, आणि ते मोजकं कसं बोलायचं हे तिच्या नवऱ्याने तिला शिकवलं आहे.

पूर्वी छत्रीवाले एकटेच काम करायचे. तेव्हा ती घरात बसून केबलची टोकं सोलून, कनेक्टर बसवून त्यांच्या पिशवीत भरून द्यायची. मग एकदा एका उतरत्या छपरावर ते नट आवळत असताना घरमालकाने खालून, अगदी आपुलकीने, हाक मारली, "अहो मालक, चहा घ्या, गरम आहे तोवर!" ते वळले. बस, एवढंच. दोर बांधलेला नव्हता, कारण 'पाच मिनिटांचं तर काम.' कमरेचं हाड मोडलं, जुळलं, पण उजवा पाय आखडला तो आखडलाच. जिना चढतात ते कठडा धरून, प्रत्येक पायरी दोनदा चढल्यासारखी. शिडी मात्र संपली.

धंदा बंद करायची वेळ आली तेव्हा छत्रीबाई म्हणाली, "मी चढते. तुम्ही खालून सांगा." सुरुवातीला लोक टीव्हीपेक्षा तिलाच बघायला जमायचे. एका घरमालकाने तर तिला विचारलं होतं, "बाई, भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "वाटते ना. ज्याला वाटत नव्हती तो खाली बसलाय बघा, टीव्हीसमोर."

छत्रीवाले यावर हसतात. पण अंथरुणात पडून असताना त्यांनी एक पद्धत पक्की केली, आणि तिच्यात ते गंमत खपवून घेत नाहीत. ती वर पोचली की खालून ते तीन गोष्टी विचारतात. पाय? दोर? तार? पाय म्हणजे उभं राहायची जागा बघितली का, ओल आहे का, शेवाळ आहे का, काठ ठिसूळ आहे का. दोर म्हणजे कमरेचा पट्टा कशाला बांधला. गंजक्या गजाला नव्हे, गच्चीच्या पक्क्या खांबाला. आणि तार म्हणजे विजेची तार कुठून गेली आहे. याचं उत्तर नुसतं तोंडाने द्यायचं नाही. तिने हात लांब करून तारेकडे दाखवायचं आणि कोणत्या बाजूला, केवढी लांब, ते मोठ्याने सांगायचं. पाइप निसटून कुठेही आडवा झाला तरी तारेपर्यंत पोचता कामा नये, एवढं अंतर हवं. गच्ची ओळखीची असली तरी, कालच तिथे येऊन गेलेली असली तरी, दरवेळी हे करायचंच. ते मला एकदा म्हणाले होते, "तोंड सवयीने बोलतं वहिनी. हात दाखवायचा म्हटलं की डोळ्यांना तिकडे जावंच लागतं."

तिची उत्तरं आली की मग काम सुरू. आणि वर माणूस असताना खालून कोणी अचानक हाक मारायची नाही. हा नियम ते घरात पाऊल टाकल्या टाकल्या सगळ्यांना सांगतात, सासूबाईंना दोनदा.

आमची छत्री कठड्यावर बरी चालली होती. पण मागच्या घराचे मालक मजल्यावर मजला चढवायला लागले आणि त्याच सुमाराला टीव्हीवर चौकोन चौकोन दिसायला लागले. छत्रीवाल्यांनी येऊन गच्चीवर एक चक्कर मारली आणि म्हणाले, वाढणारी भिंत आडवी येते आहे. छत्री पाण्याच्या टाकीवर उंच पाइप उभा करून बसवावी लागेल, आणि तिथून तोंड दुसऱ्या बाजूच्या मोकळ्या आकाशाकडे करावं लागेल. सासूबाईंची मालिका ऐन रंगात आली होती. त्यांनी लगेच तारीख ठरवून घेतली.

आम्ही सगळ्यांत वरच्या मजल्यावर राहतो, आणि एक जिना चढला की गच्ची. छत्रीबाईबरोबर मी शिडीचं एक टोक धरून वर गेले. टाकीला आमची लोखंडी शिडी टेकवून ठेवलेली होती, ती तिने बाजूला केली. तिची स्वतःची लाकडी आहे; विजेच्या जवळपास लोखंडावर ती पाय ठेवत नाही. शिडीच्या वरच्या दांड्याला तिने एक कापडाची चिंधी बांधली. चिंधी आडवी फडफडायला लागली की काम थांबवायचं, वारा फार झाला. त्या वेळी चिंधी लोंबत होती, मधूनच जराशी उचलत होती.

"काय झालंय गं?" मी विचारलं.

"काही नाही." तिने शिडीचं वरचं टोक बांधून घेतलं, हलवून पाहिलं. मग एकदम म्हणाली, "मला न विचारता शब्द देऊन आले! ते मोबाइलचं दुकान नाही का नाक्यावर, तिथल्या मालकाला. म्हणे, माझी बायको पुढच्या आठवड्यापासून काउंटरवर बसेल. पंख्याखाली. काउंटरवर बसायला मी काय शोपीस आहे?"

"काळजीपोटीच केलं असेल."

"काळजी करायला माझी ना नाही. मला विचारायचं तर!" ती टाकीवर चढली. "कालपासून मी बोलतच नाहीये. बोलणार पण नाही. त्यांना काय सांगायचंय ते तुम्हाला सांगू दे."

मला आधी हसूच आलं. नवरा-बायकोचा अबोला काय आम्ही पाहिलेला नाही? आमच्याकडे तर सासूबाईंमार्फत मीठसुद्धा मागितलं गेलंय. मी जिना उतरून खाली आले. छत्रीवाले खुर्चीत ताठ बसले होते.

"वहिनी," ते म्हणाले, "जरा तिला विचाराल? पाय?"

मी वर गेले. गच्चीच्या दारातूनच विचारलं, "छत्रीबाई, पाय?"

"आहेत म्हणावं दोन. अजून तरी."

"दोर?"

"बांधलाय."

"तार?"

ती पाठमोरी वाकून पाइपच्या पायाची पकड टाकीच्या सिमेंटवर बसवत होती. मान न वळवता म्हणाली, "होती तिथेच आहे. सांगा त्यांना, मी काय आज नवीन आलेय इथे?"

मी खाली जाऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं, दोन पायांसकट. सासूबाई खुदकन हसल्या. छत्रीवाले हसले नाहीत.

"होती तिथेच? हेच शब्द?"

"हेच."

"डावीकडे, उजवीकडे, लांब, काही नाही?"

"नाही."

"हात कुठे केला तिने?"

"हात?" मला आठवेना, आणि मग आठवलं. "हात नाही केला. हातात पकड होती."

त्यांनी रिमोट टीपॉयवर ठेवला. काठी घेतली. "ती असं उत्तर देत नाही," ते म्हणाले आणि उठले.

तो एक जिना चढायला त्यांना किती वेळ लागला ते मी सांगू शकत नाही. मला तो फार लांब वाटला. कठडा धरायचा, डावा पाय वर, मग आखडलेला पाय ओढून घ्यायचा. मी मागे होते. मधेच ते थांबले, मला वाटलं दम लागला, पण ते कान देऊन ऐकत होते. वरून सिमेंटवर लोखंड सरकल्याचा आवाज आला. ती पाइप उचलायला लागली होती.

गच्चीच्या दारातून टाकी समोरच दिसते. छत्रीबाईचं तोंड आमच्या बाजूला, मोकळ्या आकाशाकडे होतं. पाइपचं एक टोक पुढच्या पकडीत अडकवलेलं, मधला भाग तिच्या उजव्या खांद्यावर, आणि दुसरं, लांबचं टोक तिच्या पाठीमागे टाकीच्या कडेबाहेर गेलेलं. खांद्यावर पाइप घेऊन एकेक पाऊल पुढे यायचं, म्हणजे मागचं टोक हळूहळू उचललं जातं आणि पाइप उभा राहतो. असा तो उभा करतात. ती दोन पावलं आली होती.

आणि तिच्या मागे एक तार होती.

आदल्या दिवशी मी गच्चीवर कपडे वाळत घातले तेव्हा ती नव्हती. मागच्या इमारतीच्या कामगारांनी त्याच सकाळी रस्त्यावरच्या विजेच्या खांबावरून वीज घेतली होती, भिंत कापायच्या मशीनसाठी, आणि ती तार आमच्या टाकीच्या मागच्या कोपऱ्यावरून आडवी नेली होती. न रंगवलेल्या सिमेंटच्या भिंतीपुढे काळी तार पटकन दिसत नव्हती. तिला मधे एक जोड होता. जोडावरची चिकटपट्टी सुटून लोंबत होती आणि आतलं तांबं उन्हात चमकत होतं. पाइपचं मागचं टोक त्या जोडाच्या बरोबर खाली होतं. आणखी एक पाऊल, फार तर दोन.

टाकी नुकतीच भरून वाहिली होती. तिच्या बुटांभोवती सिमेंट ओलं होतं.

मी ओरडणार होते. तोंड उघडलंसुद्धा. छत्रीवाल्यांनी माझं मनगट इतकं घट्ट पकडलं की मी सांभाळायला मनगटावर चढवलेल्या तिच्या घड्याळाचा पट्टा मला रुतला. त्यांनी नुसती मान हलवली. मग मला कळलं. दचकून ती वळली असती तर खांद्यावरचा पाइपही वळला असता. आमच्याकडे झेपावली असती तर पाइप उचलला गेला असता. तिने काहीही एकदम करायचं नव्हतं. जिवंत राहायला तिने फक्त आहे तिथे थांबायचं होतं, आणि ते तिला सांगणार कोण? ज्याच्याशी ती बोलत नव्हती तो?

तिने आम्हाला पाहिलं. भुवया चढल्या.

"वहिनी," ती म्हणाली, "त्यांना सांगा, जिने चढायची काही गरज नव्हती."

शिडीवरची चिंधी उचलली गेली. वाऱ्याबरोबर तार खाली झुलली आणि परत वर गेली. छत्रीवाल्यांच्या गळ्याची शीर उडताना मला दिसत होती. पण ते बोलले तेव्हा आवाज आमच्या हॉलमध्ये बसून बोलतात तसा होता.

"पाय?" त्यांनी विचारलं.

खांद्यावरचा पाइप तिने जरा सावरला. मागचं टोक हललं.

"पाय?" त्यांनी पुन्हा, त्याच सुरात विचारलं.

"वहिनी, सांगा त्यांना, मी लहान मुलगी नाही."

त्यांनी डोळे तिच्यावरून न काढता अगदी हळू मला म्हटलं, "तुम्ही विचारा."

मी विचारलं. "छत्रीबाई, पाय?"

माझा आवाज ऐकून असेल, ती थबकली. खाली बघितलं. "ओल आहे," ती म्हणाली. "बूट धरतायत पण."

"दोर?" मी विचारलं.

"खांबाला. बांधलाय, वहिनी. झालं का समाधान?"

तिसरा प्रश्न त्यांनी मला विचारू दिला नाही. स्वतःच विचारला.

"तार?"

"होती ति…" तिने सुरुवात केली. पण प्रश्न त्यांच्या आवाजात आला होता, आणि त्या आवाजाला इतकी वर्षं जे उत्तर द्यायची सवय होती ते तिच्या मोकळ्या हाताने दिलं. डावा हात उठला, रस्त्याच्या कडेला, जिकडे तार नेहमी असते तिकडे. हाताबरोबर डोळे गेले. नेहमीच्या तारेच्या शेजारी खांबावरून निघालेली नवी काळी रेघ त्यांना दिसली, आणि तिच्यामागोमाग हात सरकत गेला, कोपऱ्यावर, भिंतीपुढून, तिच्या स्वतःच्या पाठीमागे. हात हवेत थांबला.

तिच्या चेहऱ्यावरचा राग पुसल्यासारखा गेला.

"मागे," ती म्हणाली. "मागे आहे."

"किती लांब?"

"लांब नाही. अहो, लांब नाहीये."

"बरं. पाइप हलवायचा नाही. मान सरळ. माझ्याकडे बघ."

तिने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. कालपासून पहिल्यांदा असेल.

"मागे जायचं नाही, पुढे यायचं नाही. जागच्या जागी गुडघे वाकव. हळू. खांदा खाली आला की पाइप आपोआप खाली येईल."

ती वाकायला लागली. पुन्हा चिंधी उडाली. त्यांनी तळहात दाखवला, ती अर्धवट वाकलेली तशीच थांबली. तार झुलली, आणि आधी पाइपचं टोक जिथे होतं तिथून खाली येऊन गेली. वारा पडला. हात खाली झाला. ती वाकत गेली, गुडघे ओल्या सिमेंटला टेकले, आणि पाइप टाकीच्या कडेवर टेकल्याचा बारीकसा आवाज झाला.

"सोड. आता शिडीकडे सरक. बसूनच."

मग मी कठड्याकडे धावले आणि मागच्या इमारतीतल्या मुकादमावर जी ओरडले, तशी मी पोरांवरही कधी ओरडले नसेन. तो म्हणाला, "अहो बाई, संध्याकाळपर्यंतच आहे ती." मी जोडाकडे बोट दाखवलं. त्याने बघितलं, पाइप बघितला, टाकीवर बसलेली बाई बघितली आणि काही न बोलता वीज बंद करायला पळाला.

शिडीवरून ती स्वतःच उतरली. छत्रीवाले खाली दोन्ही हातांनी शिडी धरून उभे होते, काठी कुठे पडली होती कोणास ठाऊक. ती खाली आल्यावर दोघंही गच्चीच्या जमिनीवर बसली, टाकीला पाठ टेकून. मी पाणी आणलं. तिला पेला धरता येईना, म्हणून त्यांनी धरला.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मी बघितलं नाही. तुम्हाला राग दाखवायचा होता म्हणून बघितलं नाही."

त्यांनी पेला खाली ठेवला.

"आता म्हणा ना, म्हणूनच दुकानात बस म्हणत होतो."

"जिन्यात तेच म्हणत आलो," ते म्हणाले. "मनात. प्रत्येक पायरीला."

"मग?"

"मग काय? मी विचारलं असतं तर तू भांडली असतीस. पण बोलत असतीस."

ती थोडा वेळ बुटांच्या नाड्यांकडे बघत बसली. "आता विचारा," ती म्हणाली.

"काय?"

"दुकानाचं. विचारा."

त्यांनी घसा साफ केला. "दुकानात बसशील?"

"नाही."

त्यांनी वर शिडीकडे पाहिलं. चिंधी आता नुसती लोंबत होती. शेवटी म्हणाले, "बरं. मी त्याला सांगून येतो."

त्या दिवशी त्यांनी पुढचं काम केलं नाही. तार निघून वीजवाल्यांनी रीतसर लांबून नवी ओढेपर्यंत ते टाकीला हात लावणार नव्हते. "मग माझी मालिका?" असं सासूबाई म्हणाल्या खऱ्या, पण छत्रीबाईचे ओले गुडघे बघून स्वतःच म्हणाल्या, "राहू दे गं. त्यात तरी काय, रोज भांडणंच चाललेली असतात."

काही दिवसांनी ती दोघं परत आली. आमच्या हॉलमध्ये छत्रीबाईने घड्याळ काढलं, अंगठी काढली, नवऱ्याच्या खिशात टाकली आणि बटण लावलं. लावताना जरा ओढून लावलं, दुकानाचा राग थोडा शिल्लक होता. मग वर गेली. मी खिडकीपाशी उभी राहिले. मधे पडायची आता गरज नव्हती, पण पायच निघेना.

"पाय?" छत्रीवाल्यांनी खिडकीतून विचारलं.

"कोरडं आहे. घट्ट."

"दोर?"

"खांबाला. दोन गाठी."

"तार?"

वरून उत्तर आलं नाही. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छत्रीवाल्यांकडे पाहिलं. ते खिडकीच्या चौकटीवर हात ठेवून थांबले होते. पुन्हा विचारलं नाही, घाई केली नाही. वर तिच्या बुटांचा आवाज येत होता, सावकाश, एका जागी पूर्ण गोल फिरणारा.

"रस्त्याच्या बाजूला," मग ती म्हणाली. "कठड्याच्या पलीकडे, दोन पाइपांएवढी लांब. मागे नाही. डोक्यावर नाही. अहो, हात केलाय मी, तुम्हाला दिसत नसला तरी."

"दिसतोय," ते म्हणाले. "उचल."